सोनखडीची पंगत

सरकारला नावं ठेवायला मुहूर्त लागत नाही. सकाळचा चहा झाला, ओट्यावर चार माणसं टेकली, की आपण सुरू होतो. रस्ता खचला, सरकार झोपलंय. शाळेला मास्तर नाही, सरकार झोपलंय. बोलून बोलून घसा कोरडा पडला की उठतो, धोतर झटकतो आणि आपापल्या कामाला लागतो. या एका बाबतीत खेडं आणि शहर, शिकलेला आणि अडाणी, असा भेद आपल्याकडे कुठेच नाही!

राहात्याचे काकासाहेब मात्र नुसतं बोलून उठणारे नव्हते. चाळीस एकर बागायत, कालव्याचं पाणी, ऊस, पेरूची बाग, दारात जीप. माणूस रांगडा पण मनानं उमदा. देवळाचा कळस असो की तालमीची माती, काकासाहेबांनी हात आखडला असं कधी झालं नाही. बहात्तर साली पावसानं दगा दिला आणि जिल्ह्याचा पूर्व भाग करपून गेला. तिकडच्या ऊसतोड करणाऱ्या टोळ्या दरवर्षी काकासाहेबांच्या फडात येत. त्या वर्षी हंगाम लवकर आटोपला. परत निघालेल्या सोनखडीच्या टोळीतल्या एका बाप्याला काकासाहेबांनी सहज विचारलं, "काय रे, गावाकडे काय हालहवाल?" तो म्हणाला, "हालहवाल कसली, मालक? जाऊन मरायचं, येवढंच." आणि खांद्यावरचं गाठोडं सावरून तो चालू लागला.

त्या रात्री काकासाहेबांना घास गेला नाही. आठ दिवसांत त्यांनी सोनखडीला अन्नछत्र सुरू केलं. भिंगारच्या बाजारातून मोठाली तपेली भाड्यानं आणली, आपल्या कोठारातली ज्वारी आणि डाळ ट्रकनं पाठवली, आणि देखरेखीला आपला विश्वासू कारभारी सहादेव याला तिथंच ठेवला. माघात पहिली पंगत बसली. रोज दोन वेळा तीनशे माणसं जेवू लागली.

चैत्र लागला, तशी काकासाहेबांची कीर्ती नगरपर्यंत गेली. एका वर्तमानपत्रात चार ओळी छापूनही आल्या. ते कात्रण काकासाहेबांनी खिशात घालून ठेवलं आणि ओट्यावर येईल त्याला दाखवलं.

"सरकारनं जे केलं नाही, ते आपल्या एका भटारखान्यानं करून दाखवलं!" ते म्हणत. "प्रत्येक तालुक्यात माझ्यासारखे दहा उभे राहिले, तर सरकार हवं कशाला?"

माना डोलत. फक्त त्यांची बायको विजयमाला एकदा सुपारी कातरता कातरता म्हणाली, "देताय ते चांगलंच आहे. पण जेवणाऱ्यांना कुणी विचारलंय का, त्यांना काय हवंय ते?"

"उपाशी माणसाला काय हवं असतं? भाकरी!" काकासाहेब म्हणाले, आणि विषय तिथंच संपला.

चैत्रातल्याच एका दिवशी सोनखडीच्या सरपंचांनी काकासाहेबांचा सत्कार ठरवला. मारुतीच्या देवळापुढे, दुपारी चार वाजता. काकासाहेब इस्तरीचा सदरा घालून सकाळीच जीपनं निघाले. नगर मागे पडलं तशी हिरवाई संपली. पूर्वेला वळल्यावर तर जमीन भाजून निघाल्यासारखी दिसू लागली. विहिरी कोरड्या, झाडांचा पाला शेळ्यांनी ओरबाडलेला, वाटेवर जनावरांचे सांगाडे. जीपमध्ये बसून काकासाहेब मनाशी म्हणाले, बरं झालं, आपण धावून आलो.

ते पोचले तेव्हा सकाळची पंगत बसत होती. सहादेवनं घंटा वाजवली. रांगेतल्या माणसांनी हात वर करून एका सुरात म्हटलं, "काकासाहेबांचा विजय असो!" मगच भाकरी वाढायला सुरुवात झाली. हा नेम सहादेवनं घालून दिला होता. काकासाहेबांनी "अरे, कशाला हे?" असं म्हटलं खरं, पण कान सुखावले हे त्यांचं त्यांना ठाऊक.

तेवढ्यात त्यांचं लक्ष गावाबाहेरच्या पायवाटेकडे गेलं. एक म्हातारी, पासष्टीच्या पलीकडची, डोक्यावर रिकामं घमेलं पालथं घालून, हातात खोरं घेऊन तरातरा चालली होती. पंगतीकडे तिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

"ती कोण?" काकासाहेबांनी विचारलं.

"झुंबरबाई," सहादेव म्हणाला. "डोक्यानं जरा तिरपी हाय. येत न्हाई आपल्या पंगतीला. दोन कोसावर शेजारच्या गावाला सरकारी तलावाचं काम निघालंय, तिकडं जाती माती वाह्याला."

"या वयात? आणि इथं ताट वाढून ठेवलेलं असताना?"

सहादेव घुटमळला. "तिची सून हाय, चांगुणा. लई तोंड चालवती. आमटी पातळ हाय, ल्हान्या पोरांच्या पानात डाळच येत न्हाई, असं समद्या पंगतीत वरडून बोलली. म्या नाव खोडलं तिचं. बारा दिस झाले. अशानं बाकीच्यांना वळन लागतं."

दान दिलेल्या अन्नाला नावं ठेवू नयेत, हे काकासाहेबांनाही पटत होतं. तरी त्यांना चैन पडेना. आपल्या दारचं फुकटचं अन्न टाकून एक म्हातारी दोन कोस उन्हात मातीच्या पाट्या वाहायला जाते, याचा त्यांना राग आला. सत्काराला अजून वेळ होता. पंगत उठल्यावर त्यांनी जीप काढायला लावली आणि त्याच दिशेनं निघाले.

काम सापडायला वेळ लागला नाही. दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत पाझर तलावाचा बांध उभा राहत होता. चारपाचशे माणसं. पुरुष खणत होते, बाया पाट्या भरून बांधावर नेत होत्या. नुसती धूळ उठलेली. एका बाजूला टेप घेऊन खड्ड्याचं मोजमाप घेणारा कारकून उभा होता, आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून झुंबरबाई!

"टेप ताठ धर की रं बाबा! टोक कडंला पोचलंच न्हाई न्हवं! आमच्या टोळीचा खड्डा येवढासाच व्हय?"

"आजी, मोजलंय मी बरोबर."

"म्हंजी मी आंधळी? दे इकडं दुसरं टोक. म्या धरते."

कारकून चरफडला, पण वाकला. टेप कडेपर्यंत ताणून पुन्हा मोजलं. खड्डा मघापेक्षा वीतभर जास्त भरला. कारकुनानं मुकाट्यानं वहीतला आकडा दुरुस्त केला आणि आसपासच्या बाया खळखळून हसल्या.

काकासाहेब बघतच राहिले. पंगतीच्या रांगेत शिकवल्यासारखा जयजयकार करणारी माणसं त्यांनी नुकतीच पाहिली होती. ही माणसं त्याच मातीतली, तितकीच उपाशी, पण यांचा आवाज वेगळा होता.

दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली झुंबरबाई भाकरी सोडून बसली, तेव्हा काकासाहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"ओळखलं का, आजी?"

"न वळखायला काय झालं? काकासाहेब न्हवं का तुमी? तुमच्या फडात अकरा सालं ऊस तोडलाय म्या." तिनं पदरानं दगडावरची धूळ झटकली. "बसा."

काकासाहेब बसले, आणि मनातलं सरळ बोलून टाकलं. "तुझ्या दारात मी अन्न आणून ठेवलं. तू ते लाथाडून इथं मरायला येतेस. का? माझ्या भाकरीत विष आहे?"

"विष म्हनंल त्याच्या तोंडात किडं पडतील!" झुंबरबाई म्हणाली. "पयल्या महिन्यात तुमी आला नसता तर गावात चार तरी तिरड्या बांधल्या असत्या. म्या सोता जेवलेय तुमच्या पंगतीत. पुन्य हाय ते. पर मालक, पुन्य तुमचं हाय. आमचं काय हाय त्यात?"

"म्हणजे?"

"माझ्या सुनंचं नाव खोडलं. दोन महिन्यांची बाळंतीन हाय ती. पोराला पाजती. ल्योक भिंगारला कँपात गवंड्याच्या हाताखाली राबतो, त्याचं त्यालाच पुरत न्हाई. बारा दिस तिनं माझ्या मजुरीवर काढले. आता तुमीच सांगा, म्या कंच्या कचेरीत अर्ज करू? सहादेवच्या वर कोन? तुमी. आन् तुमच्या वर?" तिनं बोट आभाळाकडे केलं. "तिथवर माझा हात पोचत न्हाई."

काकासाहेब जरा रागानंच म्हणाले, "आणि सरकार काय फार धुतल्या तांदळासारखं आहे? इथंही तो कारकून तुमचं माप मारत होताच की!"

"मारत हुता! चोर कुटं न्हाईत? पर म्या त्याच्या हातातली टेप धरली का न्हाई? का धरली? ते काम आमचं हाय म्हनून. म्या काडीपेटी घेते, राकेल घेते, त्यात बी सरकारचा वाटा जातो, असं शाळंचं गुर्जी सांगत हुते. घाम तर समोरच गळतोय. म्हनून म्या भांडू शकते. तुमच्या ताटापुढं बसून भांडले, तर मी किरतघ्न! माझी सून आमटी पातळ हाय म्हनली, यात खोटं काय हुतं? ती पातळच हुती, मालक."

बाजूच्या बाया भाकरी खायच्या थांबल्या होत्या. झुंबरबाईचा आवाज मात्र खाली आला.

"राग मानू नका. तुमी दिलदार हाव. पर एक इचारते. तुमच्या रानात ऊस कशावर येतो?"

"कालव्याच्या पाण्यावर."

"त्यो कालवा तुमच्या आज्यानं खनला का?"

"नाही," काकासाहेब म्हणाले.

"सरकारनं खनला. माझी आजी गेल्ती त्या कामावर, पाटी वाह्याला. पायात काटा मोडून लंगडी झाली ती तिथं. कुना येका दात्यानं तवा तुमच्या गावाला नुसतं जेवान घातलं असतं आन् कालवा झालाच नसता, तर आज तुमी बी माझ्याच शेजारी पाटी घिऊन बसला असता. जेवान पोटात जातं, मालक. सकाळी पुन्यांदा भूक लागती. तलाव ऱ्हातो."

"मग सोनखडीला का नाही तलाव? इथं आहे, तिथं का नाही?"

झुंबरबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमाला ठावं न्हाई व्हय? सोनखडीचा तलाव मंजूर झालाय. पौषातच खुंट्या ठोकून गेलेत. पर काम सुरू हुईना. ग्रामसेवक म्हनला, कचेरीतलं साहेब म्हनतेत, तुमच्या गावाला दाता हाय, तुमाला काय घाई? आमच्या सरपंचानं बी तेच धरलं. काकासाहेब हाईत तर कशाला कचेरीच्या पायऱ्या झिजवा म्हनला."

काकासाहेब ताडकन उठले. "खोटं आहे हे!"

"मंग जावा आन् इचारा," झुंबरबाई म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तालुक्याची कचेरी तिथून अर्ध्या तासावर. दुष्काळी कामांवरचे साहेब फायलींच्या ढिगात बसले होते. डोळे तांबारलेले, दाढी दोन दिवसांची. काकासाहेबांचं नाव ऐकताच ते उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"तुमच्यासारखे दाते प्रत्येक गावाला मिळायला हवेत, काकासाहेब!"

"सोनखडीचा तलाव का सुरू झाला नाही?"

साहेबांनी ढिगातून एक फाइल काढली. "लपवण्यासारखं काही नाही. माझ्याकडे ओव्हरसियर तीन. काम मागणारी गावं एकवीस. जिथं चूल पेटत नाही तिथं आधी धावावं लागतं. सोनखडीत तर रोज दोन वेळा पंगत उठते. हे बघा, अहवालात लिहिलंय." त्यांनी बोट ठेवून वाचलं, "'सदर गावी खाजगी अन्नछत्र सुरू असल्याने तूर्त कामाची निकड नाही.' तुमचं नावही आदरानं घातलंय."

निकड नाही! काकासाहेबांनी ती ओळ स्वतः वाचली, पुन्हा वाचली. दोन महिने ते समजत होते की आपण सोनखडी जगवतोय. आणि त्यांच्याच नावाच्या आधारानं सोनखडीचा तलाव कागदात पुरला गेला होता!

"समजा, मी उद्या छत्र बंद केलं तर?"

"तर..." साहेब अडखळले, "महिन्याभरात निकड निर्माण होईल."

"म्हणजे माणसं उपाशी पडल्याशिवाय गावाला तलाव नाही?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचाही आवाज चढला. "काकासाहेब, मलाही एक विचारू द्या. बाकीची वीस गावं रोज माझ्या दारात बसतात. बाया येतात, टिकाव आपटतात, शिव्या देतात. सोनखडीतून दोन महिन्यांत एक माणूस या कचेरीची पायरी चढलेला नाही. मागितलंच नाही, तर मी कुणाच्या भरवशावर पुढे सरकवू?"

काकासाहेबांनी चहाला हात लावला नाही. उठले आणि जीपमध्ये बसून सोनखडीकडे निघाले. साहेब चुकले होते, यात शंका नव्हती. पण साहेबांना चुकायला जागा कुणी करून दिली? आणि हाडाची कष्टकरी, ऊसतोडीत कुणाला हार न जाणारी सोनखडीची माणसं, त्यांना मागायचं विसरायला कुणी लावलं?

देवळापुढे मंडप सजला होता. कामावरून लवकर परतलेली झुंबरबाईही एका कोपऱ्यात टेकली होती. सरपंचांनी काकासाहेबांना फेटा बांधला, नारळ दिला, मानपत्र वाचलं. त्यात कर्णही आला आणि हरिश्चंद्रही. टाळ्या झाल्या. काकासाहेब बोलायला उभे राहिले. त्यांचा आवाज दोन शिवारं ओलांडून जाईल असा खणखणीत. पण आज त्यांनी आधी सभेवरून नजर फिरवली.

"चांगुणा कुठं आहे?" ते म्हणाले.

सभेत चुळबुळ झाली. बायांमधून एक तरणी बाई उभी राहिली. अंगात रक्त नाही, कडेवर तान्हं पोर.

"पोरी, तू आमटी पातळ आहे म्हणालीस. खरं बोललीस. खरं बोलल्याबद्दल माझ्या माणसानं तुझं अन्न तोडलं. तो दोष त्याचा नाही, माझा. माझ्या नावाचा जयजयकार मीच ऐकून घेत होतो, म्हणून त्याला ते बळ आलं. मला माफ कर." काकासाहेबांनी भर सभेत हात जोडले.

सहादेवनं मान खाली घातली.

मग काकासाहेबांनी कचेरीत वाचलेली ओळ जशीच्या तशी सांगितली. "मंडळी, तुमचा तलाव मी अडवला. जाणूनबुजून नाही, पण अडवला! माझी ज्वारी खाल्ली तुम्ही, आणि वाचलं काय? सरकारचं काम वाचलं. उद्या सकाळी आपण सगळ्यांनी कचेरीत जायचं. काम मागायचं."

"आन् छत्र?" मागून कुणीतरी ओरडलं. "छत्र बंद करनार व्हय?"

एकदम गलका उठला. माणसं घाबरली होती, आणि त्यात नवल काय? सरपंच उठून म्हणाले, "काकासाहेब, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला सांगताय. सरकारचं काम आज हाय, उद्या न्हाई. तुमची भाकर तरी खात्रीची!"

"खात्रीची?" काकासाहेब म्हणाले. "उद्या मी आजारी पडलो, माझा ऊस वाळला, किंवा माझं डोकंच फिरलं, तर कसली खात्री? माझ्या मर्जीवर तीनशे माणसांचा जीव टांगायचा, ही खात्री नव्हे, सरपंच."

तरी गलका थांबेना. तेव्हा कोपऱ्यातली झुंबरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"गप बसा की! येडी का खुळी तुमी? छत्र बंद करा असं कुनी म्हनलंच न्हाई. काकासाहेब, काम निघून पयली मजुरी हातात पडस्तोवर तुमी तपेली उतरवू नका. आन् मंग बी ज्यांच्यानं काम हुनार न्हाई, म्हातारी, लुळी, बाळंतिनी, पोरं, त्यांच्यासाठी चालू ठिवा. धडधाकट मानसाला काम, थकल्याला भाकर. दानानं हक्काच्या पायात येऊ नये; त्याला हात द्यावा. झालं न्हवं?"

"झालं!" काकासाहेब म्हणाले. "आजी, तुम्ही सांगाल तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून सोनखडी तालुक्याला गेली. उरलेली माणसं पायी निघाली. कचेरीपुढचं अंगण भरलं. शिपायानं काकासाहेबांना ओळखलं, धावत येऊन म्हणाला, "आपण आत या, साहेबांनी बोलावलंय, खुर्ची ठेवलीय."

"मी गावाबरोबर आलोय," काकासाहेब म्हणाले. "साहेबांना बाहेर बोलाव."

साहेब बाहेर आले. सगळ्यांच्या नजरा काकासाहेबांकडे वळल्या. पण ते दोन पावलं मागे सरले आणि बोलायला चांगुणा पुढे झाली. कडेवरचं पोर तिनं सासूकडे दिलं.

"साहेब, आमच्या गावाला निकड हाय," ती म्हणाली. "आमी जेवतो, म्हनून निकड न्हाई असं तुमी लिवलंय. मंग तुमी बी रोज जेवताय, तुमचा पगार बंद करावा का?"

अंगणात हशा पिकला. खुद्द साहेबांच्याही ओठांवर हसू आलं, ते त्यांनी हातरुमालात लपवलं. अर्जावर एकशे सत्तर अंगठे आणि एकोणीस सह्या होत्या. साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि त्यावर तिथंच शेरा मारला. "सोमवारी ओव्हरसियर पाठवतो."

सोमवारी कुणी आलं नाही. सरपंच म्हणाले, "बघा, म्हनलं न्हवतं?" मंगळवारी झुंबरबाई आणि चाळीस बाया पुन्हा कचेरीच्या पायरीवर जाऊन बसल्या. या वेळी कुणाला ट्रॅक्टर लागला नाही आणि काकासाहेबही लागले नाहीत. गुरुवारी टिकाव, फावडी आणि ओव्हरसियर, तिन्ही एकदम गावात पोचले.

काम सोपं नव्हतं. मजुरी कधी वेळेवर यायची, कधी नाही. नाही आली की सोनखडीची माणसं कचेरीत जायची, भांडायची आणि घेऊन यायची. बांध वितीवितीनं वर चढत गेला. सहादेवनं आपली तपेली बांधाशेजारी लिंबाखाली हलवली. आता तिथं घंटा नव्हती की जयजयकार नव्हता. म्हातारी माणसं आणि पोरं सावलीत जेवत, बाळंतिणींना वेगळं, घट्ट वरण मिळे. कामावरच्या बायांच्या तान्ह्यांना पाळणे बांधायला काकासाहेबांनी राहात्याहून जुनी लुगडी आणि दोर पाठवले. त्यांची निवड विजयमालाबाईंनी स्वतः, सोनखडीच्या बायांना विचारून केली होती. आपल्या कोठारातल्या धान्याचा निम्मा भागच आता लागतो, पण तो दुप्पट उपयोगी पडतो, हे पाहून काकासाहेब चकित झाले.

त्या वर्षी पाऊस आला, पुढच्या वर्षीही आला. तलावात पाणी साठलं आणि बांधाखालच्या सहा विहिरींना पाझर फुटला. त्या दिवाळीनंतर सोनखडीतून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या पाचाच्या तीन झाल्या. मजूर कमी मिळाले म्हणून राहात्याचे बागायतदार कुरकुरले. काकासाहेब तेवढे म्हणाले, "कुरकुरू नका. मजुरी वाढवा."

तलावाच्या पूजेच्या दिवशी सरपंचांनी नवं पिल्लू सोडलं. तलावाला 'काकासाहेब सागर' असं नाव द्यावं! लोकांनी काकासाहेबांकडे पाहिलं.

झुंबरबाई पाण्यात पाय सोडून बसली होती. ती मागे न बघताच म्हणाली, "नाव कशाला पायजे? त्याच्यात माती आमची, पैका सरकारचा, म्हंजी पुन्यांदा आमचाच. सोनखडीचा तलाव म्हना."

सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं हसले ते काकासाहेब. त्यांनी पायातले जोडे काढले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि ते तिच्या शेजारी काठावर येऊन बसले. पाणी गार होतं.

बंधूंनो आणि भगिनींनो, दान वाईट नाही. आग लागली असता जो आपली घागर घेऊन धावतो तो धन्यच. पण घागरीवर गाव जगत नाही. रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना या गोष्टी कुणा भल्या माणसाच्या मर्जीवर सोडायच्या नसतात. त्या आपल्या सर्वांच्या पैशातून, सर्वांसाठी, सरकारनं करायच्या असतात आणि आपण त्या करून घ्यायच्या असतात. ज्याच्याजवळ जास्त आहे त्यानं जरूर द्यावं. पण देताना घेणाऱ्याची मान वाकत नाही ना, आणि त्याचा हक्क आपल्या ताटाखाली झाकला जात नाही ना, एवढं पाहावं. सरकार झोपलं असेल तर त्याला जागं करण्याचं काम दात्याचं नाही, नागरिकाचं आहे. आणि नागरिक व्हायला चाळीस एकर बागायत लागत नाही. कमरेवर हात ठेवून "टेप ताठ धर" असं म्हणण्याची हिंमत असली, की पुरे!